निळ्या धाग्याची बोंडं

चंद्रपूरला जाऊन आले असं सांगितलं की पुण्यात पहिला प्रश्न येतो, "वाघ दिसला का?" मी दोन महिन्यांत दोनदा जाऊन आले आणि दोन्ही वेळा वाघ न बघता परतले, यावर आमच्या सोसायटीतल्या लोकांचा अजून विश्वास बसत नाही. कापूस बघायला गेले होते म्हटल्यावर तर लोक विषयच बदलतात. म्हणून हे लिहून ठेवते आहे. ज्यांना वाघच हवा आहे त्यांनी इथेच थांबायला हरकत नाही.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणजे येत्या मेपर्यंत शिकवेन. नंतर निवृत्ती. बरीच वर्षं एक प्रश्न डोक्यात होता: कापसाच्या बोंडाला पोसतं कोण? पुस्तकातलं उत्तर सोपं आहे. बोंडाच्या देठापाशी एक पान असतं, ते पोसतं. पान हवेतला कार्बन घेतं, उन्हात त्याची साखर करतं, ती साखर देठातून बोंडात उतरते. बोंडातल्या सरकीच्या सालीवरची एकेक पेशी ती साखर खाऊन लांब होत जाते. तीनेक आठवडे लांबी वाढते, मग आतून भिंत जाड होऊ लागते, आणि बोंड फुटलं की त्या पेशीला आपण कापसाचा तंतू म्हणतो. तुमच्या अंगातला सदरा म्हणजे कुठल्यातरी पानानं पकडलेली हवा आहे, हे वाक्य मी दरवर्षी वर्गात म्हणते. दरवर्षी मागच्या बाकावर कुणीतरी जांभई देतं.

पण ते जवळचं पानच गेलं तर? अळीनं खाल्लं, गारांनी फाटलं, तर बोंड लगेच मरत नाही. लहान राहतं, पण राहतं. शिवाय पान शाबूत असलं तरी बोंडाची भूक वाढते त्याच सुमाराला ते म्हातारं होऊ लागतं. मग उरलेलं कोण देतं? बोंडाची स्वतःची हिरवी साल थोडं देत असेल, त्याच्याभोवतीची झालरीसारखी तीन पानं थोडं देत असतील. शेजारच्या फांदीवरचं पान देतं का, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. आपल्या काळ्या मातीत, पावसावरच्या पिकात.

त्यासाठी खूण केलेला कार्बन लागतो. हा नेहमीच्या कार्बनपेक्षा किंचित जड असतो, बाकी निरुपद्रवी. झाडाला फरक कळत नाही, प्रयोगशाळेतल्या यंत्राला कळतो. एका परिचित शास्त्रज्ञानं त्या वायूची छोटीशी टाकी मला एकदाच दिली. परत मागायला तोंड नव्हतं आणि पुढचा हंगाम माझा नव्हता. जे व्हायचं ते याच वर्षी, याच बोंडांवर.

एका जुन्या विद्यार्थिनीच्या ओळखीनं राजुरा तालुक्यातलं एक शेत मिळालं. मालक देवरावभाऊ आणि त्यांच्या पत्नी कमलाबाई. ऑक्टोबरात मी तिथे आठ दिवस राहून ऐंशी बोंडांना धागे बांधले. चाळीस लाल, चाळीस निळे. लाल म्हणजे बोंडाचं स्वतःचं पान जागेवर, आणि त्याच पानाला खुणेचा वायू. निळा म्हणजे बोंडाचं स्वतःचं पान मी खुडून टाकलेलं, आणि वायू दिला तो वरच्या फांदीवरच्या शेजारच्या पानाला. पानावर पारदर्शक पिशवी चढवायची, तोंड घट्ट बांधायचं, सुईनं आत वायू सोडायचा आणि तासभर उन्हात बसून राहायचं. देवरावभाऊ बांधावरून बघत. "पऱ्हाटीले सलाईन लावून राह्यले का जी?" असं त्यांनी रोज एकदा विचारलं. कापसाच्या झाडाला तिकडे पऱ्हाटी म्हणतात.

निघताना मी त्यांना बजावलं की धाग्याच्या बोंडांना मी येईपर्यंत हात लावायचा नाही. त्यांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

राजुरा

नोव्हेंबरअखेर जायचं ठरलं होतं, परीक्षांच्या कामात डिसेंबर उजाडला. बल्लारशाला उतरले तेव्हा सकाळ होती आणि थंडी पुण्यापेक्षा कोरडी. स्टेशनबाहेर पोहे घेतले. आपल्याकडे पोह्यांवर खोबरं आणि लिंबू असतं. इथे पोहे दिसूच नयेत इतका हरभऱ्याचा लाल रस्सा ओततात. त्याला तर्री म्हणतात. तिसऱ्या घासाला ती माझ्या एकुलत्या एका पांढऱ्या स्वेटरवर सांडली. गाडीवाल्यानं आपणहून चुना आणून दिला, त्यानं डाग पिवळ्याचा लाल झाला. पुढचे तीन दिवस मी तोच स्वेटर घालून हिंडले.

वर्धा नदीचा पूल ओलांडला की रस्त्यावर कोळशाचे ट्रक लागतात आणि कडेच्या झाडांची पानं काळपट दिसतात. त्यातून अर्धा तास आत गेलं की एकदम पांढरं होतं. पहिला वेचा झालेला असूनही भाऊंच्या शेतात दुसऱ्या वेच्याचा कापूस भरपूर फुटला होता. पाच-सहा बाया कमरेला ओटी बांधून ओळीनं वेचत होत्या. मी चपला काढून सरळ माझ्या ओळींत शिरले. पहिल्या झाडावर धागा नव्हता. दुसऱ्यावर नव्हता. दहाव्या झाडापर्यंत मी गेले आणि मग थांबले.

देवरावभाऊ हसतमुखानं बांधावर आले.

"भाऊ, धाग्याची बोंडं?"

"ते तं वेचले न जी. पहिल्याच वेच्यात."

"मी तुम्हाला सांगून गेले होते."

"मले सांगतलं होतं न," ते म्हणाले. "म्या हात नाई लावला. म्या शब्द देला तं देला. पन वेचते कोन? बाया वेचते. मी तं कापसाले हातच लावत नाई."

यात त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. वेचणी बायांची; कुठलं बोंड आज आणि कुठलं उद्या हे त्या ठरवतात; बाप्या माणसानं त्यात बोलायची पद्धत नाही. माझ्या प्रयोगाची सूचना मी नेमकी अशा माणसाला देऊन गेले होते ज्याचा कापसाच्या बोंडाशी संबंध येत नाही. कमलाबाई आठही दिवस माझ्याजवळ वावरत होत्या, मला ताक आणून देत होत्या, आणि त्यांना मी एक शब्द सांगितला नव्हता. मला फार राग आला, आणि तो काढायला समोर माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"कापूस कुठे आहे मग?"

लाल धाग्याचा कापूस बाकीच्यात मिसळून केव्हाच जिनिंगला, म्हणजे सरकी काढायला कारखान्यात, गेला होता. त्याचं मला तितकंसं दुःख नव्हतं. स्वतःचं पान बोंडाला पोसतं हे पुस्तकात आहेच. माझा जीव निळ्यात होता.

"निळे कमलानं अलग काढले," भाऊ म्हणाले. "थे तं बजारात नाई नेलं तिनं."

"का?"

त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्यानं पाहिलं. मग मला घरी घेऊन गेले. पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि दाराच्या चौकटीवर गेल्या जयंतीचा निळा झेंडा अजून नीट लावलेला. ऑक्टोबरात मी आठ दिवस त्या झेंड्याखालून ये-जा केली होती. "आमच्या वावरात येऊन निळा धागा कोन बांधते जी?" भाऊ म्हणाले. "तिले वाटलं, बाईनं समजूनच बांधला असन. असा कापूस जिनिंगात टाकाव का?"

मी निळा धागा घेतला होता तो राजुऱ्याच्या दुकानात लालव्यतिरिक्त तेवढाच रंग शिल्लक होता म्हणून. पण माझ्या या निष्काळजीपणानं आणि त्यांच्या समजुतीनं मिळून एक काम झालं होतं, जे माझ्या सूचनेनं झालं नसतं. चाळीस बोंडांचा कापूस वेगळा, न मिसळता, ठेवला गेला होता.

ठेवला होता, म्हणजे आता नव्हता. त्यांची मुलगी प्रज्ञा आलापल्लीला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण आठव्यातच दुखू लागलं आणि तिथेच मुलगी झाली. निरोप आल्यावर कमलाबाईंनी अंगणात बसून निळ्या धाग्याच्या कापसाची सरकी हातानं काढली आणि नातीच्या उशीसाठी तो घेऊन त्या त्याच दिवशी गेल्या. सरकी कुठे आहे असं मी विचारलं, कारण सरकीतूनही मला बरंच कळलं असतं. भाऊंनी गोठ्याकडे बोट दाखवलं. गाय शांतपणे रवंथ करत होती.

जेवायला ज्वारीची भाकर, वांगी आणि पोपटाच्या दाण्यांची भाजी होती. पोपट म्हणजे आपले वाल. हे मला ऑक्टोबरात कळलं तेव्हा सुटल्यासारखं झालं होतं. जेवल्यावर मी परत शेतात गेले आणि ज्यांना धागा किंवा वायू काहीच लावलं नव्हतं अशा झाडांचा कापूस तुलनेसाठी दोन कागदी पिशव्यांत भरला. वेचणाऱ्या बायांतल्या एकीला विचारलं, निळ्या धाग्याची बोंडं कशी होती? ती हात न थांबवता म्हणाली, "लहान होते. पान नसन तं बोंड लहानच राह्यते. पन कवडी नाई निंगाले. चांगले फुटले." कवडी म्हणजे अर्धवट फुटलेलं, किडकं बोंड. मी तिचं वाक्य डायरीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. त्या दिवसाची तेवढीच नोंद हाती लागली.

आलापल्लीला जाईन असं मी म्हटलंच नव्हतं, पण भाऊंनी ते गृहीत धरलं होतं. सकाळी त्यांनी स्टीलचा मोठा डबा माझ्या हातात दिला. "तुमी जातच हा तं हे डिंकाचे लाडू द्या पोरीले."

आष्टीचा पूल

राजुऱ्याहून बल्लारपूर, तिथून गोंडपिपरीमार्गे आष्टी. गोंडपिपरीच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी कापूस विरळ होतो आणि कापून झालेली धानाची बांध्या-बांध्यांची शेतं सुरू होतात. नक्की कुठे बदललं हे मी टिपायचं ठरवलं होतं आणि तेवढ्यात डोळा लागला. जाग आली ती मांडीवरचा डबा पडल्याच्या आवाजानं. झाकण एकीकडे, लाडू सगळ्या एसटीभर.

पुण्यात अशा वेळी लोक पाय वर घेतात आणि खिडकीबाहेर बघतात. इथे पुढची-मागची सगळी माणसं वाकली. प्रत्येकानं आपापल्या सीटखालचा लाडू उचलून, फुंकून, डब्यात आणून टाकला आणि मग चौकशी सुरू झाली. शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, "बाळंतीन कोन हाये? पोरगी का सून?"

"माझी कुणी नाही."

"मंग लाडू काऊन नेऊन राह्यल्या?"

"त्यांनी दिलेत. मी बाळाची उशी बघायला चालले आहे."

त्या थोडा वेळ माझ्या स्वेटरवरच्या डागाकडे बघत राहिल्या. मग मागे वळून कुणालातरी म्हणाल्या, "उशी पाहाले चालल्या म्हनते." मागून कुणीतरी म्हणालं, "असन बाप्पा. पुन्याच्या हायेत." तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं.

आष्टीला वैनगंगेच्या पुलावरून गडचिरोली जिल्हा लागतो. पाणी कमी आणि स्वच्छ, वाळूवर बगळे. स्टँडवर वडशाकडच्या नाटक मंडळ्यांची पोस्टरं एकावर एक चिकटवलेली; थंडीभर तिकडे गावोगाव नाटकं चालतात. पुढच्या एका नाक्यावर पोलिसांनी पिशव्या तपासल्या. माझ्या कागदी पिशव्यांवर 'तुलना १' आणि 'तुलना २' असं लिहिलेलं होतं, ते त्या तरुण शिपायानं दोनदा वाचलं. पिशवी उघडली, आत बघितलं, वास घेतला. "कापूसच हाये," असं त्यानं वरिष्ठाला सांगितलं, जरा निराश होऊन. मग दोन्ही बाजूंना सागवान सुरू झालं आणि आलापल्लीपर्यंत संपलं नाही. उंच, सरळ, पानं गळायला लागलेली झाडं. सुंदर होती, पण माझं लक्ष नव्हतं. मी मनात आकडेमोड करत होते की चाळीस लहान बोंडांचा कापूस एका उशीत गेला असेल तर चिमूटभर मागायला काय हरकत असावी.

आलापल्ली

प्रज्ञाचा नवरा लाकडाच्या डेपोत कामाला आहे. डेपोमागे दोन-दोन खोल्यांची चाळ, अंगणात ताज्या कापलेल्या सागाचा तुरट वास. कमलाबाई दारातच होत्या. मला बघून त्या घाबरल्या. त्यांना वाटलं राजुऱ्याला काही झालं. मी डबा पुढे केला तेव्हा त्यांचा चेहरा सैल झाला.

बाळ खाटेवर होतं. दोन किलोपेक्षा थोडं कमी भरलेलं, महिन्याच्या आतलं, अजून नाव न ठेवलेलं. त्याच्या डोक्याखाली तळहाताहून जरा मोठी, जुन्या मऊ लुगड्याची उशी होती. माझं इतक्या वर्षांचं उत्तर त्या उशीत होतं आणि उत्तरावर बाळ झोपलं होतं. मी उभ्या उभ्याच ते बघत राहिले. कमलाबाईंना वाटलं मला बाळ आवडलं.

आधी जेवण. भात, नदीच्या मासळीचा आंबट रस्सा, अंबाडीची भाजी. जेवताना प्रज्ञानं सांगितलं की बाळंतपणानंतर तिला ताप भरला, ती आठ दिवस दवाखान्यात होती, आणि औषधं चालू असेपर्यंत तिनं पाजायचं नव्हतं. बाळ तर चमच्यानं ओठही ओले करून घेईना. "मंग मैनीबाईनं पाजलं," ती म्हणाली. "दिवसरात्र. त्या नसत्या तं हे नसती."

मैनीबाई शेजारच्या दारातच बसल्या होत्या. भामरागडकडच्या जंगलातल्या गावच्या, माडिया. नवरा त्याच डेपोत. कपाळावर गोंदण, बोलणं कमी. मी नमस्कार केला, त्यांनी "जोहार" म्हटलं. त्यांच्या खोलीत आढ्याला लुगड्याची झोळी टांगलेली होती, तिच्यात त्यांचा मुलगा होता, पाचेक महिन्यांचा. उशीही त्यांनीच शिवली होती.

मग मी मागितलं. कापूस कशासाठी हवा हे सांगितल्यावर कमलाबाईंनी तोंडावर हात घेतला. "तुमच्या कामाचा होता? मले वाटलं..." त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "पन निळा तुमी समजूनच बांधला न जी?"

हो म्हणणं सोपं होतं. त्यांना बरं वाटलं असतं आणि माझं कामही लवकर झालं असतं. पण आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या वह्यांत खोटी निरीक्षणं पकडत आले आहे. ते जमलं नाही. "नाही कमलाबाई. दुकानात तेवढाच होता."

"असो," त्या म्हणाल्या. "दुकानातला असला तरी आमच्याच वावरात बांधला न. मी तं त्याच मायेनं वेचला." मला ओशाळल्यासारखं झालं आणि ते अजूनही पूर्ण गेलेलं नाही.

अडलं ते मैनीबाईंपाशी. "उशी उसवत नाई," त्या म्हणाल्या. "लेकरू बसाले लागलं का मंग."

मी प्रज्ञाकडे पाहिलं. "आमी हे काई मानत नाई मॅडम," ती म्हणाली. "पन शिवली त्यांनी. दूध त्यांनी देल्लं. त्या नाई म्हनतीन तं नाई." कमलाबाईंनीही मान हलवली. म्हणजे निकाल लागला होता. मी डायरी मिटली. परतीची एसटी किती वाजता हे विचारायचं एवढंच बाकी होतं, आणि मला रडू येईल की काय अशी भीती वाटू लागली. कापसासाठी अठ्ठावन्नाव्या वर्षी परक्या अंगणात रडणं बरं दिसलं नसतं.

तेव्हा मैनीबाईंनीच विचारलं, "काय पाहातेस त्या कापसात?"

मी अंगणातल्या मातीत काडीनं फांदी काढली. एक बोंड, त्याचं पान. ते पान पुसून टाकलं. वरच्या फांदीवर दुसरं पान काढलं. म्हटलं, याचं स्वतःचं पान मी तोडलं. शेजारच्या पानाला मी खूण केलेली हवा दिली. ती खूण या बोंडाच्या कापसात आली असेल तर कळेल की शेजारच्या पानानं याला खाऊ घातलं. नसेल आली, तर ते आपल्या सालीवरच कसंबसं जगलं.

मैनीबाई वाकून त्या रेघा बघत राहिल्या. झोळीतलं मूल रडू लागलं. कमलाबाईंनी आत जाऊन झोळीला झोका दिला. मग मैनीबाई उठल्या, बाळाचं डोकं अलगद उचलून उशी काढली, आणि आतून ब्लेड आणलं. "काढान तेवढं भराव लागन," त्यांनी बजावलं. "रिकामं ठेवाचं नाई."

भरायला माझ्याकडे 'तुलना २' होती. मैनीबाईंनी तिच्यातल्या कापसाची सरकी अंगठ्यानं इतक्या भराभर उडवली की मी नुसती बघत राहिले. डाव्या कोपऱ्याची शिवण दोन बोटं उसवली, आतला कापूस चिमटीनं काढून माझ्या कागदी पाकिटात घातला, दुसरा भरला. शिवायला दोरा हवा होता. कमलाबाईंनी पदराची गाठ सोडली; निळे धागे त्यांनी जपून ठेवले होते. त्यातल्याच एकानं तो कोपरा शिवला गेला. झोळीतलं मूल पुन्हा रडलं आणि आपणच थांबलं.

त्या दिवशीची डायरी आता समोर आहे. बाळाचं वजन लिहिलेलं आहे. उशीची लांबी-रुंदी, कापूस कुठल्या कोपऱ्यातून काढला, किती वाजता काढला, सगळं आहे.

पुणे

मार्चमध्ये प्रयोगशाळेतून निकाल आला. 'तुलना १' मध्ये खूण नव्हती. उशीच्या कोपऱ्यातल्या कापसात ती स्पष्ट होती. शेजारच्या पानाची साखर, स्वतःचं पान गमावलेल्या बोंडात उतरली होती आणि तिथे तिचा तंतू झाला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीनं चहा केला, आणि इतका आनंद झाला होता की साखर दोनदा घातली. अहवालाच्या तक्त्यात 'नमुना कुठून घेतला' असा रकाना होता. तिथे मी 'शेत, राजुरा तालुका' लिहिलं. मग खोडून 'उशीचा डावा कोपरा, आलापल्ली' लिहिलं, कारण तेच खरं होतं.

संध्याकाळी प्रज्ञाला फोन लावला. बाळ छान भरलंय, म्हणाली. मी निकाल सांगितला. तिनं लगेच ओरडून शेजारी सांगितलं, "मैनीबाई, मॅडम म्हनते का शेजारच्या पानानंच पोसलं म्हून!"

पलीकडे थोडं बोलणं झालं. मला वाटलं त्या हसतील, किंवा म्हणतील की हे तर आम्हाला ठाऊकच होतं. प्रज्ञा पुन्हा फोनवर आली.

"मैनीबाई इचारते, त्या पानाचं सोताचं बोंड होतं न? त्याचं काय झालं? थे बारीक तं नाई राह्यलं?"

होतं. प्रत्येक शेजारच्या पानाच्या देठापाशी त्याचं स्वतःचं बोंड होतं. पिशवी चढवताना मध्ये येऊ नये म्हणून मीच ते बोटानं हळूच बाजूला करत होते. चाळीस झाडांवर चाळीस वेळा. त्यांतल्या एकालाही मी धागा बांधला नव्हता, लाल नाही, निळा नाही, कुठलाच नाही. ती पहिल्या वेच्यात बाकीच्यांबरोबर गेली होती.

"माहीत नाही," मी म्हटलं. "मी ते बघितलंच नाही."

प्रज्ञानं ते तिकडे सांगितलं. मागे कुठेतरी लेकराचा आवाज येत होता.

"प्रज्ञा," मी विचारलं, "मैनीबाईंचा मुलगा कसा आहे?"

"बारीक होता मधात. आता बसते."

"नाव काय त्याचं?"

"सुकरू."

मी डायरी उघडून आलापल्लीचं पान काढलं आणि बाळाच्या वजनाच्या शेजारी, जी जागा रिकामी होती तिथे, ते नाव लिहिलं.